केमोनंतर ताप आला तर आधी कुठं न्यायचं? (आईसाठी विचारायलो)

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. निलंगा तालुक्यातल्या खेड्यातून लिहायलो. आईला (वय ५८) स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता बार्शीला केमो चालू आहे, एकवीस दिवसांनी एक.

तिसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. अंग चटका बसावा असं तापलं होतं. घरात थर्मामीटर नव्हता. गावातल्या डॉक्टरनं एक इंजेक्शन अन् तापाच्या गोळ्या दिल्या. तासाभरात घाम येऊन ताप उतरला, भाकरीचा अर्धा तुकडा दुधात कुस्करून खाल्ला. आम्हाला वाटलं, झालं. पहाटे चारला उठली अन् दारातच कोसळली. गाडी मिळून लातूरला पोचेपर्यंत सव्वासात. वरचं बीपी ८०. पांढऱ्या पेशी ६००, त्यातल्या न्यूट्रोफिल का काय म्हणतात त्या फक्त ९०. रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. सहा दिवस आयसीयूत होती. देवाची कृपा, घरी आली.

चौथी केमो दोन आठवडे पुढं ढकलली होती, ती आता सोमवारी आहे. तिला गावात ठेवावं की लातूरला खोली करून? रात्री ताप आला तर आधी कुठं न्यायचं? बहीण रोज रडायली की माझ्याच हातून काहीतरी अस्वच्छ राहिलं, म्हणून जंतू गेला.

अजून एक. तिचा दहावा-अकरावा दिवस बरोबर येळवशीला (वेळ अमावस्येचा शेतातला सण) येतोय. वडील गेल्यापासून शेतात कोपीतली पूजा तीच मांडती. आत्तापासून म्हणायली, काही झालं तरी मला शेतात न्या. काय सांगू तिला?

वॉर्डातली_ताई

दादा, बाकी सगळं नंतर. उद्या सकाळी मेडिकल उघडलं की डिजिटल थर्मामीटर आणा. एक नाही, दोन. एक आईच्या उशाशी, एक तुमच्या खिशात. हात लावून ताप बघणं बंद.

मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडं येणारे निम्मे लोक "अंग कोमट वाटत होतं" असं सांगतात. कोमट म्हणजे किती, ते कुणालाच सांगता येत नाही.

पेट्रीडिश

मांजराकाठ, तुमच्या बहिणीला हे आजच वाचून दाखवा. मी मायक्रोबायॉलॉजीत काम करते.

क्लेबसिएला, ई. कोलाय हे जंतू बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत. ई. कोलाय तर आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतोच, क्लेबसिएलाही अनेकांच्या असतो. केमो वेगानं वाढणाऱ्या पेशी मारते. कॅन्सरच्या पेशी तशा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही तसंच. अस्तर झिजलं की आतड्यातला जंतू तिथून रक्तात उतरतो. एरवी न्यूट्रोफिल त्याला दारातच पकडतात. त्याच दिवसांत न्यूट्रोफिलही संपलेले असतात, कारण त्या तयार करणारी अस्थिमज्जासुद्धा केमोनं दबलेली असते. भिंतही पडली आणि राखणदारही गेला. बहिणीनं घर आरशासारखं ठेवलं असतं तरी हे होऊ शकलं असतं. तिची चूक नाही.

मांजराकाठ

ताई, वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण रात्री बऱ्याच दिवसांनी जेवली.

रात्रपाळी

मी मूळचा नांदेडचा, आता कॅन्सर रुग्णांच्या आयसीयूत डॉक्टर आहे. तुमच्या आईला झालं त्याला आम्ही फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतो, म्हणजे न्यूट्रोफिल कमी असताना आलेला ताप. जरा सविस्तर लिहितो, कारण हे जितक्या घरांना माहीत असेल तितकं बरं.

आकडा लक्षात ठेवा: तोंडातून एकदा १०१ फॅरनहाइट, किंवा १००.४ आणि तो तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी. घरच्यांसाठी मी याहून सोपं सांगतो. १००.४ दिसला की फोन आणि निघायची तयारी. काखेत मोजलं तर आकडा अर्धा ते एक अंशानं कमी दाखवतो, तेही ध्यानात असू द्या. गुदद्वारातून मोजू नये. एनिमा आणि तिथं ठेवायच्या गोळ्याही नकोत, तिथल्या नाजूक त्वचेला जरा ओरखडा गेला तरी जंतूला वाट मिळते.

न्यूट्रोफिल साधारण १५०० च्या वर असायला हव्यात. ५०० च्या खाली धोका एकदम वाढतो, १०० च्या खाली तर फारच. पेशी किती खाली आणि किती दिवस खाली, त्यावर संसर्ग ठरतो, हे बोडी नावाच्या डॉक्टरनं १९६६ साली रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत दाखवून दिलं. आजही सगळे उपचार त्याच पायावर उभे आहेत. रिपोर्टवर हा आकडा वेगळा छापलेला नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यानं गुणा. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे २४०.

बऱ्याच केमोत या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसात तळाला जातात. तुमच्या आईचा नववा दिवस होता.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. एरवी संसर्ग झाला की पू होतो, सूज येते, छातीच्या फोटोत डाग दिसतो. हे सगळं न्यूट्रोफिलच करतात. त्याच नसल्या तर ना पू, ना सूज, ना डाग. बहुतेकदा ताप ही एकच खूण उरते. ती खूण आपण पॅरासिटामॉल देऊन पुसून टाकतो. गावातल्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, पण तुमचे दहा तास त्या उतरलेल्या तापानं खाल्ले.

दवाखान्यात पोचल्यापासून एका तासाच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. त्याआधी कल्चरसाठी (रक्तात कुठला जंतू वाढतो ते बघायला) दोन ठिकाणचं रक्त घ्यायचं, पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी शिरेत ठेवलेली नळी) असेल तर एक नमुना तिच्यातून. पण रक्त घ्यायला जमत नाही म्हणून डोस अडवून ठेवायचा नाही.

गोदाकाठ

डॉक्टर, तुमचं "एका तासाच्या आत" वाचून हात थरथरायलेत.

माझ्या वडिलांना रक्ताचा कॅन्सर होता. ताप १०२. रात्री दहाला नेलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथं म्हणाले रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, मग ठरवू. लॅबवाला अकराला गेलेला. मी तीनदा विचारायला गेलो, तीनदा खाली बसवलं. सकाळी सहाला पहिलं इंजेक्शन. वडील तोवर बडबडायला लागले होते, मला त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

चार वर्षं झाली. मला कुणीच सांगितलं नव्हतं की मी काय म्हणायला पाहिजे होतं. केमो चालू आहे, ताप आहे, रिपोर्टची वाट न बघता आधी डोस द्या, एवढं एक वाक्य मला माहीत असतं तर मी तिथं ओरडून सांगितलं असतं.

रात्रपाळी

गोदाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलेलं वाक्य बरोबर आहे, अगदी शब्दशः. केमो झालेला माणूस ताप घेऊन आला की पेशी कमी आहेत असं धरूनच सुरुवात करायची असते. रिपोर्ट मागून येतो. आणि अचानक बडबड किंवा सुस्ती ही सेप्सिसची, म्हणजे संसर्गानं सगळं शरीर ढासळायला लागल्याची खूण असू शकते. ती नातेवाइकांना डॉक्टरांच्या आधी कळते. म्हणून "हे असं कधी बोलत नाहीत" हे सांगत राहायचं.

माळरान

माझ्या मावशीला गव्हांकुराचा रस द्यायचो, रोज सकाळी. पेशी वाढल्या की. पपईच्या पानाचा रस पण. विंग्रजी औषधाच्या मागं इतकं लागायची गरज न्हाई. आयाबाया काय येड्या होत्या का?

वॉर्डातली_ताई

माळरान भाऊ, तुम्ही मावशीसाठी पहाटे उठून रस काढत होता, ती माया मला समजते. पण पेशी केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात आपोआपच वर येतात. त्या वेळी जे देत असू त्याला यश मिळतं. गव्हांकुर मातीत उगवतात आणि रस कच्चाच पितात. उकळला तर लोक म्हणतात गुण गेला. पेशी तळाला असताना माती लागलेलं कच्चं पोटात घालणं मला तरी भीतीचं वाटतं.

माळरान

आसं व्हय. मावशीला सुदैवानं काय झालं न्हाई. पपईच्या पानाचं?

रात्रपाळी

तेही या दिवसांत नको. पेशी वाढवायला खात्रीचं औषध आहे, फिलग्रॅस्टिमचं इंजेक्शन. १९९१ पासून वापरात आहे. मज्जेला नवे न्यूट्रोफिल करायला लावतं. दीर्घ परिणामाचं पेगफिलग्रॅस्टिम केमोनंतर चोवीस तास उलटल्यावर एकदाच देतात. मांजराकाठ, आईला मागच्या वेळी इतका त्रास झाला म्हटल्यावर या खेपेला डॉक्टर ते देतील किंवा केमोचा डोस कमी करतील. बार्शीला स्वतःहून विचाराच. इंजेक्शननंतर कंबर, मांड्या ठणकतात, त्यानं घाबरू नका.

औषधी_दुकान_परळी

गेली बावीस वर्षं मेडिकल चालवतो. रोज कुणीतरी येतं, "मागच्या वेळची ती अँटिबायोटिक द्या, दोनच द्या." तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमच्या गटातली औषधं, ही सगळी शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, १ मार्च २०१४ पासून. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, वहीत नोंद ठेवावी लागते. पाकिटावर लाल उभी रेघ असते ती त्यासाठीच. मी देत नाही, तर माणूस रागानं पुढच्या दुकानात जातो.

हे इथं का लिहायलो? दोन गोळ्या खाऊन सोडलेला जंतू मरत नाही, शिकून घेतो. तो शेवटी अशाच एखाद्या माउलीच्या रक्तात निघतो, जिच्याकडं लढायला पेशीच नाहीत.

पेट्रीडिश

परळीकर काका, हे मी रोज थाळीवर बघते.

श्रीमंत देशांत या रुग्णांच्या रक्तात त्वचेवरचे ग्राम-पॉझिटिव्ह जंतू जास्त निघतात. आपल्याकडं ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर हे ग्राम-निगेटिव्हच पुढं असतात, आणि त्यांतले बरेचसे अनेक औषधांना दाद देत नाहीत. काही क्लेबसिएला एनडीएम नावाचं विकर तयार करतात आणि मेरोपेनेमसुद्धा फोडून टाकतात. मग उरतं कोलिस्टिन, जे मूत्रपिंडाला त्रास देतं. किंवा सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमच्या जोडीला ॲझट्रिओनाम, जे महाग पडतं. कोलिस्टिन तर कोंबड्यांच्या खाद्यातही घालायचे. २०१९ साली सरकारनं त्यावर बंदी आणली.

मांजराकाठ, मागच्या वेळच्या कल्चरच्या रिपोर्टवर औषधांच्या नावापुढं एस आणि आर लिहिलेलं असेल. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. तो कागद सोन्यासारखा जपा. पुढच्या वेळी डॉक्टर पहिलं औषध त्यावरून निवडतील.

मांजराकाठ

तो कागद शोधायला अर्धी रात्र गेली. बाकीचे रिपोर्ट होते, तोच नव्हता. मग दवाखान्यात जाऊन दुसरी प्रत काढली. मेरोपेनेमपुढं एस आहे. सेफ्ट्रिॲक्झोनपुढं आर. गावात दिलेलं इंजेक्शन तेच होतं.

रात्रपाळी

म्हणजे बघा. सेफ्ट्रिॲक्झोन एरवी चांगलं औषध आहे, पण या आजारात पहिलं म्हणून नाही. स्यूडोमोनासवर ते चालतच नाही. इथं सुरुवात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी सेफोपेराझोन-सल्बॅक्टम यांनी होते. बीपी पडलेलं असेल किंवा आधी अवघड जंतू निघालेला असेल तर थेट मेरोपेनेम. लाइनच्या जागी लाली किंवा दुखणं असेल तर व्हँकोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन जोडतात. चार ते सात दिवस औषध देऊनही ताप हटला नाही तर बुरशीचा विचार करावा लागतो. उजव्या कुशीत खाली पोट दुखू लागलं तर लगेच सांगायचं, आतड्याला सूज असू शकते.

आणि एकदा जोरदार औषध चालू केलं म्हणजे ते चौदा दिवस चालवायचंच, असंही नाही. पूर्वी न्यूट्रोफिल ५०० च्या वर येईपर्यंत थांबत. २०१७ साली स्पेनमधला एक अभ्यास आला. ताप जाऊन ७२ तास झालेत, माणूस खणखणीत आहे, तर पेशी वर यायच्या आधी औषध थांबवलं तरी धोका वाढला नाही. परळीकर म्हणतात ती चिंता आम्हालाही आहेच. लवकर सुरू करायचं आणि गरज संपली की थांबवायचं.

पुन्हा_पेरणी

मी परभणीचा. टाटाला उपचार झाले, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, आता सहा वर्षं ठणठणीत. मला दुसऱ्या केमोनंतर ताप आला तेव्हा ॲडमिट केलंच नव्हतं. चार तास बसवून ठेवलं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ॲमॉक्सिक्लॅवच्या गोळ्या देऊन धर्मशाळेत पाठवलं. मग प्रत्येक तापाला आयसीयू कशाला? लोकांना उगाच घाबरवू नये असं मला वाटतं.

रात्रपाळी

रास्त प्रश्न. धोका मोजायला मॅस्क नावाची गुणपद्धत आहे, २६ पैकी २१ किंवा जास्त गुण म्हणजे धोका कमी. वय साठच्या आत, बीपी ठीक, फुप्फुसाचा जुना आजार नाही, अंगात पाणी कमी झालेलं नाही, असं बघतात. अशांना पहिला डोस देऊन, काही तास नजरेखाली ठेवून गोळ्यांवर पाठवता येतं.

पण हे ठरवायचं दवाखान्यात बसून, डॉक्टरांनी. घरी बसून आपण नाही. आणि त्याला एक अट असते, ती मराठवाड्यातल्या प्रत्येकानं ऐकावी. अमेरिकेतल्या कॅन्सर आणि संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली मार्गदर्शन काढलं, त्यात लिहिलंय की रुग्णाचं राहायचं ठिकाण दवाखान्यापासून एका तासाच्या किंवा ३० मैलांच्या आत हवं, म्हणजे ४८ किलोमीटर. सोबत चोवीस तास माणूस, फोन आणि गाडी. तुम्ही दादरला होता, परळला पोचायला किती वेळ? निलंग्याच्या पलीकडच्या खेड्यातल्या बाईला याच गोळ्या देऊन घरी धाडणं वेगळं. अंतर हा सुद्धा आजाराचाच भाग आहे.

पुन्हा_पेरणी

पटलं. मी अंतराचा विचारच केला नव्हता. टॅक्सीत बसलो की वीस मिनिटं.

मांजराकाठ, मग माझं मत असं, एकवीस दिवस खोली नको, भाड्यातच मराल. सातव्या ते चौदाव्या दिवसापुरती लातूरला सोय करा. बाकीचे दिवस आपल्या घरात, आपल्या अंगणात. माणसाला घर लागतं.

उस्मानाबादी_शेळी

खोली करताना पाणी बघून घ्या हो. लातुरात २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, विसरला नसाल. टँकरचं पाणी आठ-आठ दिवस टाकीत पडून असतं. पिण्याचं उकळूनच द्या.

पेट्रीडिश

हे महत्त्वाचं. स्यूडोमोनासला साठलेलं, ओलं आवडतं. टाकी, बादली, ओला पंचा, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. रोज धुऊन वाळवणं हेच औषध. खाण्यापिण्याचं म्हणाल तर सगळी फळं, सगळं दही बंद असली कडक पथ्यं पाळून संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ताजं शिजवलेलं, गरम, आणि फळ धुऊन सोलून. उपाशी ठेवू नका, अशक्तपणानं नुकसानच होतं.

तेरणामाय

पाण्यापेक्षा पाहुणे अवघड. आमच्या सासूबाईंना केमो चालू होती तेव्हा अख्खं गाव भेटायला. आलं नाही तर त्यांना वाईट वाटायचं, आलं तर आम्हाला भीती. कुणी खोकत येऊन गालावरून हात फिरवायचं. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्या आत खिडकीपाशी, पाहुणे ओसरीवर. चहा ओसरीवर, गप्पा गजांतून. एक आजी म्हणाली, "रोहिणे, तू तर देवळातल्या देवीवानी बसलीस, आता नवस बोलू का?" सासूबाई इतक्या हसल्या, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

औषधी_दुकान_परळी

मांजराकाठ, माझा एक विचार. तालुक्याच्या दवाखान्यात टॅझोबॅक्टम नसेल तर? ४.५ ग्रॅमच्या दोन वायल आधीच घरी आणून ठेवा. रात्री दोनला शोधत फिरायला नको.

वॉर्डातली_ताई

काका, इथं मी थांबवते. हे पेनिसिलिनच्या घरातलं औषध आहे. रिॲक्शन आली तर घरी काय करणार? गावात कुणीतरी "मी लावतो सलाईन" म्हणेल आणि तिथंच घोळ होईल.

औषधी_दुकान_परळी

घरी लावायचं नाहीच म्हणत मी. सोबत न्यायचं, दवाखान्यातच द्यायचं. आमच्याकडं रात्री उघडी दुकानं किती, तुम्ही शहरातल्यांना नाही कळायचं ताई.

रात्रपाळी

दोघांचंही बरोबर आहे. मधला मार्ग: बार्शीच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली तरच वायल घ्या, आणि ती कुठल्या दवाखान्यात दिली जाईल तिथल्या डॉक्टरांशी दिवसा जाऊन आधी बोलून या. त्याहून मोलाचं म्हणजे डॉक्टरांच्या सहीचं एक पत्र. निदान, कुठली केमो, शेवटची तारीख, मागचा जंतू, ॲलर्जी, ताप आल्यास काय द्यायचं, आणि त्यांचा फोन. रात्रीच्या ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला हे पत्र दिसलं की त्याचा हात धजावतो. गोदाकाठ यांच्या वडिलांच्या वेळी त्या खोलीत हेच नव्हतं.

सरकारी योजनेतून उपचार असतील तर आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा माणूस) आत्ताच विचारून ठेवा, तापासाठी ॲडमिट व्हावं लागलं तर जवळ कुठं योजना लागू होते. आणि १०८ सोबत गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर.

मांजराकाठ

सगळ्यांचे उपकार. येळवशीचं कुणी बोललं नाही अजून.

तेरणामाय

मी बोलणार नव्हते, कारण मी धाराशिवची आणि मला माहीत आहे येळवस म्हणजे काय. घरात कुणी राहत नाही त्या दिवशी, गावं ओस पडतात. तिला एकटीला घरी ठेवणार कसं?

रात्रपाळी

माझ्या आजोळी लातूरला असते, मीही लहानपणी गेलोय. मनापासून सांगतो, कोप कडब्याची असते. वाळक्या कडब्यात बुरशीचे कण असतात, हलवला की हवेत उडतात. तळाच्या दिवसांत त्या कोपीत वाकून पूजा मांडणं नको. आंबील रात्रभर आंबवलेली, माठातली, तीही नको. भज्जी मात्र शिजवलेली असते. चुलीवरून थेट ताटात आली तर पोटभर खाऊ द्या. एक दिवस आधी रक्त तपासा. न्यूट्रोफिल हजाराच्या वर असतील तर बांधावर आंब्याखाली खुर्ची टाकून तासभर बसायला माझी हरकत नाही. अंतिम शब्द तिच्या डॉक्टरांचा.

माळरान

पूजा तुमच्या बहिणीला मांडू द्या. माय खुर्चीवरून सांगल, ह्ये हितं ठेव, त्ये तिथं ठेव. त्यात बी तिचंच हाय सगळं.

मांजराकाठ

(सोळा दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

सोमवारी केमो झाली. मंगळवारी संध्याकाळी पेगफिलग्रॅस्टिम घेतलं. कंबर लय दुखली, पण तुम्ही सांगितलेलं होतं. डॉक्टरांनी पत्र दिलं. मी दिवसा लातूरच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवून आलो, त्यांनी फोटो काढून घेतला. सातव्या दिवशी मावसभावाच्या घरी लातूरला आलो.

आठव्या दिवशी रात्री साडेबाराला ताप ९९.६. बहीण म्हणाली थांब, पुन्हा बघू. पाऊण तासानं १००.८. आई म्हणायली एक गोळी द्या, झोपते, सकाळी जाऊ. पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. दीड वाजता दवाखान्यात होतो. पोरगीच डॉक्टर होती ड्युटीवर, नवी. पत्र वाचलं, फोन लावला, दोन्ही हातांतून रक्त घेतलं. मेरोपेनेम लागलं तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, दोन वाजून पाच मिनिटं. गोदाकाठ दादा, तेव्हा मला तुमची आठवण झाली.

न्यूट्रोफिल ३१० होत्या. बीपी एकदाही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप गेला. कल्चरमध्ये काही वाढलं नाही. पाचव्या दिवशी औषध बंद करून घरी सोडलं.

म्हणजे येळवशीला आई वॉर्डातच होती. बहीण पहाटे शेतात गेली, पूजा मांडली, मोबाइलवर आईला दाखवत होती. आई पलंगावरून सांगायली, पाच दगडांना चुना नीट लागला नाही, लक्ष्मीसमोरची ओंबी उलटी ठेवलीस. शेजारच्या पलंगावरची बाई औराद शहाजानीची, ती पण उठून बसली, दोघी मिळून सांगायल्या. दुपारी भज्जीचा डबा आला. डॉक्टर पोरीला विचारलं, तिनं गरम करून आणायला सांगितलं. चार घास खाल्ले. आंबील मागितली, दिली नाही.

गोदाकाठ

वाचलं. पस्तीस मिनिटं. बरं वाटलं दादा.

कयाधूकाठ

नवीन सदस्य. हिंगोलीहून. बाबांची पहिली केमो परवा आहे, संभाजीनगरला. मांजराकाठ, त्या पत्रात नेमकं काय लिहिलंय ते नाव काढून इथं टाकाल का? आमच्याकडून तिथं पोचायला चार तास लागतात.

मांजराकाठ

टाकतो. चार तास असतील तर ताप आल्यावर तिकडं निघू नका, जवळ पहिला डोस देईल असा दवाखाना आधी ठरवा.

"या रुग्णाची केमोथेरपी चालू आहे. शेवटचा डोस दिनांक ____. ताप १००.४ किंवा जास्त असल्यास, किंवा ताप नसताना थंडी वाजणे, बीपी कमी होणे, गोंधळल्यासारखे बोलणे दिसल्यास न्यूट्रोपेनिक सेप्सिस समजून उपचार करावेत. कल्चरसाठी रक्त घेऊन एका तासाच्या आत ____ शिरेतून द्यावे. रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबू नये. स्नायूत इंजेक्शन देऊ नये. ॲलर्जी: ____. आधीचा जंतू: ____. कोणत्याही वेळी फोन करावा: ____."

मोकळ्या जागा तुमच्या डॉक्टरांकडून भरून घ्या, खाली सही-शिक्का. लॅमिनेशन करा. आमचं पहिलं घामानं भिजलं होतं.

वॉर्डातली_ताई

आणि थर्मामीटर? दोन?

कयाधूकाठ

दोन घेतले ताई. एक बाबांच्या उशाशी ठेवलाय.